मेथड्स लांबवल्या की एसओपी होत नाही

संशोधनातून औषध किंवा लस कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात आलेल्या माणसाला सुरुवातीलाच एक काम मिळतं: "तुमच्या त्या चाचणीची (ॲसेची) एसओपी लिहून द्या." (एसओपी म्हणजे स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर, काम कसं करायचं ते सांगणारा मंजूर लेखी कागद.) मग तो आपल्या प्रबंधातला 'मटेरियल्स अँड मेथड्स'चा भाग उघडतो, 'केले'चं 'करावे' करतो, राहिलेले चार आकडे भरतो, वर कंपनीचा मथळा चढवतो आणि एसओपी झाली असं समजतो. कंपनीतून पीएचडीला गेलेली मुलं उलटा प्रवास करतात. एसओपीतली वाक्यं भूतकाळात टाकतात आणि पेपरात चिकटवतात. मी आधी प्रयोगशाळेत, मग वर्गात आणि त्यानंतर अशीच कागदपत्रं लिहिण्या-तपासण्याच्या कामात होते. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य ऐकलं: एसओपी म्हणजे सविस्तर मेथड्स. ट्रेनिंगच्या स्लाइडवरसुद्धा ते असतं. ते चूक आहे, आणि त्यातून पुढे होणाऱ्या चुका साध्या नाहीत.

मेथड्सबद्दल फार सांगायला नको, तुम्ही त्या लिहिलेल्या आहेत. प्रयोग झाला, निष्कर्ष आला, तो कशाच्या आधारावर उभा आहे हे त्याच क्षेत्रातल्या जाणकाराला कळावं म्हणून केलेलं ते निवेदन. "प्लाझ्मिड अल्कलाइन लायसिसने वेगळं केलं" (म्हणजे जिवाणूतला छोटा वर्तुळाकार डीएनए अल्कलीने पेशी फोडून वेगळा केला) एवढं लिहून बर्नबॉइम आणि डोली, १९७९ असा संदर्भ दिला की पुरतं. दुसरं द्रावण घातल्यावर नळी व्हॉर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरायची नसते, नाहीतर गुणसूत्री डीएनए तुटून प्लाझ्मिडबरोबर येतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं तिथे गृहीत धरलेलं असतं. पेपरात हे गृहीत धरणं योग्यच आहे.

एसओपीची बाहेरची लक्षणंही कुणीही आठवड्यात शिकतं: क्रमांक, आवृत्ती, लागू झाल्याची तारीख, लिहिणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा यांच्या सह्या, जुन्या प्रती परत घेण्याची शिस्त. भाषा आज्ञार्थी. औषध नियम, १९४५ मधल्या, औषधनिर्मितीचे निकष सांगणाऱ्या शेड्यूल एमनुसार लेखी कार्यपद्धती आणि नोंदी ठेवाव्याच लागतात, त्यामुळे हा सांगाडा सगळ्या कंपन्यांत साधारण सारखाच दिसतो. त्यावर वेळ घालवत नाही.

खरा फरक एका प्रश्नात आहे. कागदावर लिहिलेलं आणि हातांनी केलेलं जुळत नाही असं लक्षात आलं, तर दोन्हींपैकी बदलायचं काय?

मेथड्समध्ये कागद बदलायचा. तुम्ही मसुद्यात ३० मिनिटं लिहिलं होतं आणि वही सांगते की नमुने ४५ मिनिटं ठेवले होते, तर मसुद्यात ४५ करायचं. न करणं म्हणजे खोटं लिहिणं. काम होऊन गेलेलं आहे, ते आता बदलू शकत नाही, आणि कागदाने त्याच्याशी प्रामाणिक राहायचं आहे.

एसओपीत उलट. एसओपीत ३० मिनिटं आहे आणि प्रत्यक्षात ४५ झाली, तर एसओपीला हात लावायचा नाही. ४५ झाली असं नोंदीत तसंच्या तसं लिहायचं, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची रीतसर नोंद) उघडायचं, कारण शोधायचं, त्या बॅचवर काय परिणाम झाला असेल ते तपासायचं. कागद आपल्या जागी उभा राहतो आणि कामाला जाब विचारतो. उद्या असं ठरलं की ४५ मिनिटंच बरी, तर एसओपी जरूर बदलावी. पण ती चेंज कंट्रोलमधून (बदल रीतसर मंजूर करण्याच्या प्रक्रियेतून), कारण आणि पुरावा देऊन, नवी आवृत्ती मंजूर करून, लोकांना शिकवून आणि पुढच्या कामाआधी. झालेल्या कामाला शोभावी म्हणून मागाहून कधीच नाही.

हे एकदा पटलं की आणखी एक गोष्ट दिसते, जी मी वर्गात सगळ्यात आधी सांगायचे. मेथड्सचं खरं नातं एसओपीशी नाहीच, बॅच रेकॉर्डशी, म्हणजे त्या-त्या बॅचच्या कामाच्या नोंदीशी आहे. दोन्ही 'काय झालं' सांगतात. कुणी केलं, केव्हा केलं, कोणत्या लॉटचं रसायन, किती वाजता सुरू, किती वाजता बंद. एसओपी फक्त 'काय व्हायला हवं' एवढंच सांगते. ते झालं की नाही यावर ती काहीही बोलत नाही. "आमच्याकडे एसओपी आहे" हे ऑडिटरला दिलेलं उत्तर म्हणूनच अपुरं पडतं. त्याने काम कसं झालं ते विचारलेलं असतं.

संशोधनातल्या माणसाला हे जड का जातं, तेही समजण्यासारखं आहे. तिथे ठरवणारा आणि करणारा एकच असतो. पेलेट (नळीच्या तळाशी बसलेला गाळ) सैल दिसली म्हणून दोन मिनिटं जास्त फिरवली, जेलवरचा बँड फिका आला म्हणून नमुना दुप्पट घातला, हे तिथलं कौशल्य आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. एसओपी अशा जागी वापरतात जिथे तो निर्णय आधीच, व्हॅलिडेशन करून (पद्धत भरवशाची आहे हे तपासून), नाव-सहीनिशी घेतलेला असतो, आणि रात्रपाळीच्या ॲनालिस्टने तो पुन्हा घ्यावा अशी अपेक्षा नसते. त्यात ॲनालिस्टचा अपमान नाही. उलट न मागितलेल्या निर्णयाचं ओझं त्याच्यावर पडू नये याची ती काळजी आहे. म्हणून एसओपीला कारकुनी म्हणणाऱ्या संशोधकांचा मला मनापासून राग येतो.

आता लांबीचा गैरसमज. त्यासाठी लॉरीचं प्रथिनमापन, म्हणजे नमुन्यात प्रथिन किती आहे ते रंगावरून मोजणं, घेऊ. महाराष्ट्रात बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकलेल्या बहुतेकांनी ते प्रॅक्टिकलला केलेलं असतं. लॉरी आणि सहकाऱ्यांचा हा १९५१चा निबंध विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांत अगदी वर आहे. तीन लाखांहून जास्त वेळा त्याचा संदर्भ दिला गेला आहे. मूळ निबंधात एक पायरी अशी आहे: फॉलिन अभिकर्मक (रंग आणणारं रसायन) अतिशय झटकन घालायचा आणि एक-दोन सेकंदांत मिसळायचा. कारण तो अभिकर्मक आम्लधर्मी द्रावणात टिकतो, पण अल्कलीत गेल्यावर थोड्याच वेळात निकामी होतो. तो निकामी व्हायच्या आत प्रथिनाशी त्याची गाठ पडली तरच रंग पुरता येतो. वीस नळ्यांत ओळीने फॉलिन घालून शेवटी सगळ्या एकदम हलवल्या, तर पहिल्या नळीचं वाचन आणि विसाव्या नळीचं वाचन यांची तुलनाच होऊ शकत नाही.

पेपरात लोक लिहितात, "प्रथिनं लॉरी पद्धतीने मोजली (लॉरी व इतर, १९५१)." माझी हरकत नाही, फक्त तुम्ही खरोखर तीच पद्धत वापरलेली असली पाहिजे. मूळ निबंधात रंगाचं वाचन ७५० किंवा ५०० नॅनोमीटर तरंगलांबीला आहे. आपल्या कॉलेजांतल्या कितीतरी मॅन्युअल्समध्ये ६६० असतं. ६६०ला वाचलं असेल तर पेपरात ६६० लिहा. तिथे कागदाने कामामागे जायचं.

एसओपीत मात्र हवं ते असं: "एका नळीत फॉलिन घाला. ती नळी लगेच व्हॉर्टेक्स करा. मगच पुढच्या नळीकडे जा." तीन छोटी वाक्यं. उरलेलं सिद्धांताचं पान, तांब्याच्या क्षाराची रसायनक्रिया, पद्धतीचा इतिहास, काही नको. चांगली एसओपी कित्येकदा प्रबंधातल्या मेथड्सपेक्षा आखूड असते. मेथड्समध्ये काय सांगायचं ते 'निष्कर्षावर विश्वास बसायला काय लागेल' यावरून ठरतं, एसओपीत 'इथे दोन माणसं वेगवेगळं वागू शकतील का' यावरून. जिथे दोन माणसं वेगळं वागूच शकत नाहीत तिथे एक शब्दही खर्च करू नये, आणि जिथे वागू शकतात तिथे काटकसर करू नये.

ठरवलेलं आणि झालेलं हे दोन प्रश्न वेगळे न ठेवल्याने किती नुकसान होतं, याचं उदाहरण मुंबईत परळच्या प्रयोगशाळेच्या, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या, इतिहासातच आहे. १९०२च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने गेले. ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते, आणि बाटलीवर क्रमांक होता, ५३-एन, म्हणून हे कळू शकलं. लस मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली. तिथे त्यांनी कार्बॉलिक आम्ल घालण्याची जुनी पायरी सोडून उष्णतेवर भिस्त ठेवणारी नवी पद्धत सुरू केली होती. चौकशी आयोगाने या बदलावर बोट ठेवलं आणि हाफकिन यांना पद गमवावं लागलं. पण गावात बाटली उघडताना बुचाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न होता तोच वापरला गेला, हेही साक्षींमध्ये होतं. मलेरियावर काम केलेल्या रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी पाठपुरावा केल्यावर १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं.

इथले दोन प्रश्न पाहा. प्रयोगशाळेने ठरवलेली पद्धत बरोबर होती का? आणि त्या दिवशी, त्या गावात, त्या बाटलीचं प्रत्यक्षात काय झालं? पहिल्याचं उत्तर कार्यपद्धतीच्या कागदात शोधायचं, दुसऱ्याचं नोंदीत. आयोगाने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात शोधलं, आणि एका माणसाच्या उमेदीची वर्षं त्यात गेली.

आपल्याकडे या गोंधळाची सुरुवात कुठे होते, तेही सांगते, कारण मला ते फार लागतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. एम (उद्देश), रिक्वायरमेंट्स, प्रिन्सिपल, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन, रिझल्ट. मुलं 'प्रोसिजर' मॅन्युअलमधून उतरवतात, बहुतेकदा प्रॅक्टिकल व्हायच्या आधी, आणि तरीही भूतकाळात: "मिश्रण १० मिनिटं ठेवण्यात आलं." अजून नळी हातात घेतलेली नाही. हे वाक्य सूचना नाही, कारण ते भूतकाळात आहे; आणि नोंदही नाही, कारण काही घडलेलंच नाही. त्यावर शिक्षकाची सही होते, परीक्षेला बाहेरचे परीक्षक तेच पाहतात. तीन वर्षं हे केलेल्या मुलाला पुढे 'झालं ते लिही' सांगितलं, तर त्याला वाटतं की 'व्हायला हवं होतं ते सुबक अक्षरात लिही' असाच त्याचा अर्थ आहे. दोष मुलाचा नाही. मी शिकवत असताना डावीकडच्या पानावर सूचना आणि उजवीकडे त्या दिवशी घड्याळ पाहून लिहिलेली नोंद, असा आग्रह धरायचे. उजवं पान खाडाखोडीचं असलं तरी गुण तिथेच. एका ओळीने खोडलेला आकडा, शेजारी सही आणि तारीख, यासारखी दुसरी शिकवण नाही.

बाकीचे फरक छोटे आहेत, भराभर सांगते. मेथड्समध्ये कर्मणी प्रयोग चालतो, एसओपीत कर्त्याविना क्रिया चालत नाही; "तापमान तपासलं जावं" म्हटलं की ते कुणीच तपासत नाही. मेथड्समध्ये संदर्भ देऊन सुटता येतं, एसओपीत "पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे" म्हणजे काहीच न सांगणं. एसओपीत एका पायरीत एकच कृती. आणि सावधगिरीची सूचना त्या पायरीच्या आधी हवी. पायरी ७ वाचून माणूस फेनॉल ओततो आणि पायरी ८च्या शेवटी हातमोज्यांचा उल्लेख येतो, असा मसुदा मी न वाचता परत पाठवते.

काही शब्द मात्र मला दोन्हीकडे नको असतात. 'आवश्यकतेनुसार'. 'ओव्हरनाइट', बारा तास की अठरा? 'रूम टेंपरेचर'; पुण्यातली जानेवारीची सकाळ आणि नागपुरातली मेची दुपार, दोन्हींना ते लागू पडतं, म्हणून २० ते २५ अंश असा पल्ला लिहा. आणि सेंट्रिफ्यूजसाठी (नमुना वेगाने फिरवणाऱ्या यंत्रासाठी) नुसता आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या. नमुन्यावर पडणारा जोर फेऱ्यांबरोबर रोटरच्या त्रिज्येवरही ठरतो. १०,००० आरपीएमला ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये सुमारे ७,८०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोर) पडतात, १० सेंटिमीटरमध्ये सुमारे ११,२००. मशीन बदललं की तोच आकडा दुसरा प्रयोग होतो. जी लिहा. एसओपीत त्यापुढे त्या खोलीतल्या त्या रोटरसाठीचा आरपीएमही द्या, म्हणजे मध्यरात्री कुणाला गणित करावं लागणार नाही.

राहिला उलटा प्रवास, एसओपीवरून पेपर. कंपनीतून आलेली मुलं इथेच अडकतात. एसओपीतला ३० मिनिटांचा आकडा पेपरात "३० मिनिटं ठेवलं" असा जातो, कारण 'एसओपीत तसंच आहे'. नमुने किती वेळ ठेवले ते एसओपीला माहीत नाही. ती बाजूला ठेवा, त्या-त्या बॅचचे रेकॉर्ड आणि कच्च्या नोंदी समोर घ्या, आणि मेथड्स त्यांवरून लिहा. तीन बॅचेस ३०, ३१ आणि ४५ मिनिटांच्या असतील तर तसंच लिहा, आणि ४५ मिनिटांचं डेव्हिएशन झालेली बॅच विश्लेषणात धरली की वगळली, हेही त्याच परिच्छेदात सांगा. एसओपीचा क्रमांक आणि आवृत्ती द्यायची असेल तर पूरक माहितीत द्या.