पाळीव सापाची टाकी: हवेचे तापमान आणि पृष्ठभागाचे तापमान

सापाच्या टाकीत तापमान किती ठेवले आहे, असे विचारले की बहुतेक जण एकच आकडा सांगतात. तो काचेला आतून चिकटवलेल्या गोल तापमापकावर पाहिलेला असतो आणि त्यावरून फार तर त्या काचेजवळच्या हवेची कल्पना येते. सापाचे पोट मात्र सबंध लांबीभर तळाला टेकलेले असते. म्हणून टाकीतील हवेचे तापमान आणि तळाच्या पृष्ठभागाचे तापमान ही दोन वेगळी मापे धरावी लागतात. नाशिकमध्ये, जिथे थंडीही बोचते आणि ऊनही भाजते, त्यांची गल्लत हिवाळ्यात एका तऱ्हेने आणि उन्हाळ्यात दुसऱ्याच तऱ्हेने महागात पडते.

निफाडकडच्या द्राक्ष बागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. निरभ्र आकाशाच्या, वारा पडलेल्या रात्री बागेतील तापमापक शून्याच्या वर दोन-तीन अंश दाखवत असतानाही पहाटे पानांवरचे दव गोठलेले सापडते, कारण पान आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड झालेले असते. टाकीत हेच उलट्या दिशेने घडते: तळ तापतो आणि हवा मागे राहते.

साप शरीराची ऊब बाहेरून घेतो. (अंड्यांना वेटोळे घालून स्नायूंच्या थरथरीने ऊब देणारी भारतीय अजगराची मादी हा एक विलक्षण अपवाद, पण अजगर, नाग किंवा धामण घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे येथे विषय परदेशी जातींचाच.) पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील बॉल पायथनला टाकीच्या उबदार बाजूचा पृष्ठभाग साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ अंश लागते, अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेकला उबदार बाजूस २९ ते ३१ आणि थंड बाजूस २२ ते २५ अंश पुरतात. दोन्ही बाजू हव्यात, कारण साप एका बाजूकडून दुसरीकडे सरकूनच आपले तापमान सांभाळतो.

आता जानेवारीतील नाशिकची पहाट घ्या. बाहेर पारा दहाच्या खाली आणि खोलीत जेमतेम १६ अंश. टाकीखालची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, तळ ३२ अंशांपर्यंत नेते, पण वरची हवा तिने फारशी तापत नाही. साप पोटाने मॅटला चिकटून राहतो आणि श्वास मात्र थंड हवेत घेतो. असे आठवडेच्या आठवडे चालले की श्वसनमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. नाकाशी बुडबुडे, श्वासात घरघर आणि उघडे तोंड ही त्याची लक्षणे. खाल्लेले नीट न पचून उलटून पडणे हेदेखील शरीराला पुरेशी ऊब न मिळाल्याने होऊ शकते.

यावर अनेक जण जो उपाय करतात तो मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. काचेवरचा काटा २० दाखवतो म्हणून ते मॅट वाढवत नेतात. हवा २५ पर्यंत पोहोचेपर्यंत तळाची काच पंचेचाळीसच्या पुढे गेलेली असू शकते. वर पाच सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अंथरलेले असेल तर हात लावून काहीच कळत नाही, कारण कोकोपीट उष्णता अडवते. साप मात्र ते बाजूला सारून थेट काचेवर जाऊन बसतो. भाजत असतानाही तो वेळेवर उठेल याचा भरवसा नसतो. पोटाचे खवले लाल होतात, मग फोड येतात. म्हणून वायरचे टोक असलेल्या डिजिटल तापमापकाचे टोक कोकोपीटवर न ठेवता त्याखाली, मॅटच्या बरोबर वर, काचेला लावावे.

न टेकवता दुरूनच तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक पृष्ठभागच मोजते. ती हवेत रोखली तरी आकडा समोरच्या भिंतीचाच येतो, आणि काचेबाहेरून रोखली तर काचेचा. कोरोनाकाळात घेतलेली कपाळाचा ताप पाहणारी बंदूक या कामाची नाही. ती माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच बेतलेली असते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे थर्मोस्टॅटचा, म्हणजे ठरलेल्या तापमानानुसार मॅट चालू-बंद करणाऱ्या उपकरणाचा, सेन्सर कुठे आहे हा. मॅट वापरत असाल तर सेन्सर मॅटच्या पृष्ठभागाशी पक्का बसवावा. तो हवेत लोंबकळत ठेवला तर हवा ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचतच नाही आणि थर्मोस्टॅट मॅटला रात्रभर चालू ठेवतो. हवा तापवण्यासाठी वरून सिरॅमिक हीटर लावला असेल, तर त्याचा वेगळा सेन्सर सापाच्या उंचीवर हवेत ठेवावा आणि हीटरभोवती जाळी असावी. थंडीत येथे दोन्ही साधने लागतात, हे खर्चाचे असले तरी मान्य करावे.

उन्हाळ्यात प्रश्न उलटतो. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये दुपारची हवा ३६ अंशांपर्यंत गेली की मॅट बंद करूनही उपयोग होत नाही. तळ आणि हवा सारख्याच तापतात आणि सापाला सरकायला थंड बाजूच उरत नाही. पंखा लावून समाधान मानू नये, कारण वारा आपल्याला गार लागतो तो मुख्यतः घाम सुकतो म्हणून, आणि सापाला घाम येत नाही. येथील कोरड्या उन्हाळ्यात खोलीत कूलर चालतो, कारण तो हवाच थंड करतो. वीज गेली तर कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली टाकीच्या एका टोकाला बाहेरून टेकवावी, आणि वायरचे टोक आतून त्याच जागी लावून तळ २५ च्या खाली तर जात नाही ना, हे पाहत राहावे.