राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी प्रवेशिका: पात्रता, कागदपत्रे आणि प्रमाणपत्राची तारीख

७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे वितरण २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीतील विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला ('श्यामची आई' याच नावाच्या अत्र्यांच्या चित्रपटाने १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवले होते), 'नाळ २'ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा, तर 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे यांना दिग्दर्शकीय पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. सोहळा २०२५चा असला तरी पुरस्कार २०२३चे होते, आणि प्रवेशिका भरू इच्छिणाऱ्या निर्मात्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

पुरस्काराचे वर्ष प्रदर्शनाच्या तारखेवरून नव्हे, तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो त्याच्या, प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरते. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रमाणित झालेला चित्रपटच त्या वर्षासाठी पात्र असतो. त्यामुळे डिसेंबरअखेर प्रमाणपत्र मिळून फेब्रुवारीत पडद्यावर आलेला चित्रपट आधीच्या वर्षात मोजला जातो. चित्रपट भारतात निर्माण झालेला असावा, परदेशी सहनिर्मिती असल्यास दिग्दर्शक तसेच बहुसंख्य कलावंत व तंत्रज्ञ भारतीय नागरिक असावेत, आणि डब केलेल्या किंवा सुधारून काढलेल्या आवृत्त्या स्वीकारल्या जात नाहीत.

पूर्वी या पुरस्कारांचे काम चित्रपट महोत्सव संचालनालय पाहत असे. २०२२मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या वतीने दरवर्षी प्रवेशिका मागवल्या जातात. मुदत, शुल्क आणि प्रती पाठवण्याची पद्धत यांसाठी त्या-त्या वर्षीची नियमावलीच वाचावी, गेल्या वर्षीच्या कुणाच्या अर्जावरून नक्कल करू नये.

अर्जासोबत प्रमाणपत्राची प्रत, कथासार, निर्माता व दिग्दर्शक यांचा परिचय आणि छायाचित्रे, चित्रपटातील दृश्यांची छायाचित्रे, तसेच इंग्रजी सबटायटल्स असलेली चित्रपटाची प्रत लागते. गीतांसाठी शब्द आणि पटकथेसाठी संहिता जोडावी. कथा साहित्यकृतीवर बेतलेली असेल तर मूळ लेखकाचा उल्लेख व हक्कांची संमती आधीच हाताशी ठेवणे शहाणपणाचे. सर्वांत काळजीने तयार करायची ती श्रेयनामावली. कोणत्या विभागासाठी कोणाचे नाव विचारात घ्यायचे, हे परीक्षकांना या नामावलीवरूनच कळते, त्यामुळे ती पडद्यावरील नावांशी तंतोतंत जुळली पाहिजे. ६८व्या पुरस्कारांत चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार एका कन्नड चित्रपटाला मिळाला, तेव्हा त्या चित्रपटातील आवाज चित्रीकरणस्थळी नव्हे तर नंतर डब केलेले असल्याचे त्याच्याच ध्वनिसंकल्पकाने जाहीरपणे सांगितले होते. विभाग निवडताना असा घोळ होऊ नये म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येक तंत्रज्ञाकडून आपापली नोंद तपासून घ्यावी.

कथापटांची छाननी प्रथम उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेच्या दोन अशा पाच प्रादेशिक समित्या करतात व त्यांनी पुढे पाठवलेल्या चित्रपटांतून केंद्रीय समिती निवड करते. कथाबाह्य चित्रपट (माहितीपट, लघुपट इत्यादी) आणि चित्रपटविषयक लेखन यांची परीक्षक मंडळे स्वतंत्र असतात. पुस्तक वा लेख पाठवणाऱ्याला सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही, तिथे प्रकाशनाचे वर्ष पाहिले जाते. या पुरस्कारांत विभागानुसार सुवर्णकमळ किंवा रजतकमळ हे पदक मिळते; ७०व्या पुरस्कारांपासून सुवर्णकमळासोबत ३ लाख आणि रजतकमळासोबत २ लाख रुपये दिले जातात.