बीएए हंगाम, १९४६–४७

बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका (बीएए) या व्यावसायिक संघटनेचा पहिला हंगाम. १ नोव्हेंबर १९४६ ते २२ एप्रिल १९४७ या काळात अमेरिका व कॅनडातील ११ संघ त्यात खेळले. विजेतेपद फिलाडेल्फिया वॉरियर्सने मिळवले. १९४९ मध्ये ही संघटना नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये (एनबीएल) मिसळून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) झाली. एनबीए आपल्या हंगामांची मोजणी १९४६ पासूनच करते. हा हिशेब जरा सोयीचाच म्हणायचा, कारण एनबीएल १९३७ पासून चालू होती आणि जॉर्ज मायकनसारखा त्या काळातला सर्वांत वरचढ खेळाडू तिकडे होता. बीएएकडे खेळाडूंपेक्षा इमारती चांगल्या होत्या.

बीएए काढली ती मोठ्या क्रीडागृहांच्या मालकांनी. आइस हॉकीचे सामने नसतील त्या रात्री सभागृह रिकामे पडे. ती तारीख भरायला काहीतरी हवे होते. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये संघटना स्थापन झाली आणि अध्यक्षपदी मॉरिस पोडोलॉफ यांना बसवले. पेशाने वकील असलेले पोडोलॉफ त्याच वेळी अमेरिकन हॉकी लीगचेही अध्यक्ष होते. एनबीएलचे संघ शेबॉयगन, ऑशकॉश अशा छोट्या गावांत खेळत; बीएएने बोस्टन, शिकागो, डेट्रॉइट, टोरँटो अशी शहरे घेतली. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर ५५,००० डॉलरची मर्यादा होती. तारखांच्या रांगेत मात्र बास्केटबॉल शेवटी. न्यूयॉर्क निकरबॉकर्सना स्वतःच्याच मालकांचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन क्वचित मिळे, कारण तिथे महाविद्यालयीन सामन्यांना जास्त गर्दी होई. त्यांचे बहुतेक घरचे सामने लष्कराच्या ६९व्या रेजिमेंटच्या कवायतगृहात झाले.

हॉकीच्या रिंकवर बास्केटबॉल खेळवायचे तर बर्फ न वितळवता त्यावर लाकडी फळ्यांची जमीन अंथरावी लागे. खालून गारठा आणि वर प्रेक्षकांमुळे तापलेली दमट हवा, त्यामुळे फळ्यांवर दव धरे आणि पाय घसरत. फळ्यांचे सांधे नीट बसले नाहीत तर चेंडू भलतीकडे उसळे, म्हणजे ड्रिबल करणाऱ्याची, चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणाऱ्याची, पंचाईत. सामानाची जुळवाजुळवही कच्ची होती. ५ नोव्हेंबरला बोस्टन सेल्टिक्सच्या घरच्या पहिल्याच सामन्याआधी सराव करताना त्यांच्या चक कॉनर्सचा चेंडू रिंगवर आदळला आणि काचेचा बोर्ड फुटला. रिंग व काच यांच्यामध्ये बसवायचा रबराचा तुकडा घातलेलाच नव्हता. दुसरा बोर्ड बोस्टन गार्डनमधून आणेपर्यंत प्रेक्षक ताटकळले. हाच कॉनर्स पुढे अभिनेता झाला.

सामना १२ मिनिटांच्या चार सत्रांचा, एकूण ४८ मिनिटांचा होता. महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा असे. तिकीट काढणाऱ्याला पूर्ण संध्याकाळ मिळावी, हा वाढीमागचा हेतू. २४ सेकंदांत फटका मारायला लावणारे घड्याळ यायला अजून आठ वर्षे होती, त्यामुळे आघाडी मिळालेला संघ चेंडू नुसता फिरवत बसू शके. त्यातच बचाव करणारे संघ झोन लावून, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा एकेक भाग राखून, बास्केटखाली दाटी करत आणि खेळ आणखी थंडावे. म्हणून जानेवारी १९४७ मध्ये, हंगाम चालू असतानाच, झोनवर बंदी घातली गेली. नेम एकूण कच्चाच होता. शंभरातले जेमतेम २८ फटके बास्केटमध्ये जात आणि संघाची सरासरी ६८ गुणांच्या आसपास राही. बहुतेक जण पाय जमिनीवर रोवून दोन्ही हातांनी सेट शॉट मारत. फिलाडेल्फियाचा जो फुल्क्स उडी मारून मारी. त्याने सामन्यामागे २३.२ गुण केले, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या बॉब फीरिकचे १६.८ होते. फुल्क्सचेही १,५५७ पैकी ४७५च फटके लागले, पण तेव्हाच्या मानाने ते पुष्कळ.

पहिला सामना टोरँटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला. यजमान हस्कीजचा ६ फूट ८ इंचांचा जॉर्ज नॉस्ट्रँड याच्याहून उंच असेल त्याला प्रवेश फुकट होता. ७,०९० प्रेक्षक आले. निकरबॉकर्सच्या ऑसी शेक्टमनने पहिली बास्केट केली आणि न्यूयॉर्कने ६८–६६ असा विजय मिळवला.

साखळीत प्रत्येकी ६० सामने होते. पश्चिम विभागात शिकागो स्टॅग्ज व सेंट लुइस बॉम्बर्स बरोबरीत आल्याने त्यांना एक जादा सामना खेळावा लागला. तो शिकागोने जिंकला. पूर्व विभागात तरुण रेड ऑरबाख यांच्या मार्गदर्शनाखाली वॉशिंग्टन कॅपिटॉल्सने ४९ विजय, ११ पराभव अशी कामगिरी केली; त्यात सलग १७ विजय होते आणि घरच्या मैदानावर हार फक्त एक. तळाला पिट्सबर्ग आयर्नमेन (१५–४५).

बाद फेरीची रचना मात्र विचित्र होती. दोन्ही विभागांचे विजेते अंतिम फेरीत भेटायचे सोडून आधीच एकमेकांशी भिडले, त्यामुळे सर्वोत्तम दोघांपैकी एक उपांत्य फेरीतच बाद होणार हे ठरलेलेच. वॉशिंग्टनने घरचे पहिले दोन्ही सामने गमावले आणि मालिका शिकागोने ४–२ अशी घेतली. दुसऱ्या बाजूने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या संघांमधून फिलाडेल्फिया वर आला: सेंट लुइसवर २–१, न्यूयॉर्कवर २–०. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात फुल्क्सने ३७ गुण केले (८४–७१). पाचव्या सामन्यात हाउई डॅलमारने अखेरच्या मिनिटात कोंडी फोडली आणि प्रशिक्षक एडी गॉटलिब यांच्या फिलाडेल्फिया संघाने ८३–८० अशा विजयासह मालिका ४–१ ने जिंकली.

हंगामानंतर टोरँटो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट व पिट्सबर्ग हे चार संघ बंद झाले. बाल्टिमोर बुलेट्सला सामावून घेऊन पुढचा हंगाम आठ संघांचा आणि ४८ सामन्यांचा केला गेला. मूळ अकरांपैकी आज सेल्टिक्स, निक्स (म्हणजेच निकरबॉकर्स) आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाला गेलेले वॉरियर्स हे तीनच संघ खेळतात.