पायलटना पेशंटचं वय नको, वजन सांगा
कोल्हापुरातून एअर अँब्युलन्सनं रुग्ण हलवणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

विमान ठरलं की बहुतेक घरांतून पहिली मागणी येते, ‘जरा पायलटशी बोलू द्या.’ पेशंट किती वर्षांचा आहे, घरात कोण कोण आहे, डॉक्टरांनी किती तास दिलेत, हे त्यांना कळावं असं वाटणं साहजिक आहे. तरीही आम्ही, म्हणजे विमान जोडून देणारी संस्था, ते बोलणं करून देत नाही, आणि ही माहिती आमच्याकडूनही त्यांच्यापर्यंत जात नाही. निघायचं की नाही हे पायलटनी ढग, धावपट्टी, इंधन आणि वजन बघून ठरवायचं असतं. सात वर्षांचं मूल आहे हे एकदा कळलं, की धावपट्टी नीट दिसत नसतानाही ‘एकदा प्रयत्न करू’ असं कुणालाही वाटेल. अशा उड्डाणांच्या अपघातांतून शिकूनच परदेशातल्या अनेक एअर अँब्युलन्स सेवा रुग्णाची हकीकत वैमानिकापासून मुद्दाम लांब ठेवतात. आम्हीही तेच पाळतो.

आमदार-खासदारांचा फोनही याच कारणासाठी पायलटना लावू नका. मोठ्या शहरात आयसीयूची खाट मिळवायला किंवा पोलिसांकडून रस्ता मोकळा करून घ्यायला तो फोन खरोखर उपयोगी पडतो. तिथे जरूर वापरा.

पायलटना काय लागतं

पेशंटचं वजन, सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं वजन, पिशव्यांचं वजन, ऑक्सिजनचे सिलेंडर किती आणि कोणते, केबिनमधला दाब किती ठेवायचा, कुठे उतरायचं. बस. यातलं वजन घरचे नेहमी अंदाजानं आणि कमी सांगतात. आयसीयूतल्या माणसाच्या अंगात सलाइनचं पाणी साठून वजन वाढलेलं असतं, म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा आकडा चालत नाही; वॉर्डातल्या सिस्टरांकडून आजचा घ्या. पेशंट शंभर किलोच्या पुढे असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. किंग एअरसारख्या छोट्या विमानाचा दरवाजा जेमतेम सव्वादोन फूट रुंद असतो आणि स्ट्रेचर तिथूनच तिरका करून आत घ्यावा लागतो.

दहा किलोंसाठी एवढी घासाघीस का, असा प्रश्न येतो. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी ५,००० फुटांच्याही वर असते. इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, धाव लांबते. उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर वर चढता आलं पाहिजे, हा हिशेब पायलटना दर वेळी करावाच लागतो. हिशेब बसत नसेल तर इंधन कमी घेऊन वाटेत कुठेतरी उतरावं लागतं, नाहीतर नातेवाइकाला खाली ठेवावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ सुचवतो. सोबत एकच माणूस आणि एकच मऊ पिशवी धरून चाला. चाकाच्या कडक बॅगा आत अडकतात.

केबिनमधली हवा

उंचावर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या डोंगरावर असतो तितका उतरतो. बंद जागेत अडकलेली हवा तेव्हा फुगते. कोल्हापूरच्या दाबाशी तुलना केली तर साधारण पाव भागानं. धडधाकट माणसाचे फक्त कान दडपतात. पण फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, कवटीत हवा असेल, आतडं अडलं असेल किंवा डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये वायू भरला असेल, तर तेवढ्यानं जीवावर किंवा डोळ्यावर बेतू शकतं. छातीत हवा असेल तर नळी टाकूनच निघायचं. नुकतंच घातलेलं पूर्ण प्लास्टर असेल तर ते उभं चिरून घ्यायचं. श्वासनळीतल्या ट्यूबचा फुगा फुगून नळीला दाबतो, म्हणून त्याचा दाब वर जाताना आणि उतरताना पुन्हा मोजायचा. सलाइन काचेच्या बाटलीत नको, प्लास्टिकच्या पिशवीत हवं.

काही रुग्णांसाठी डॉक्टर ‘समुद्रसपाटीचा दाब ठेवा’ म्हणतात. तसं करता येतं, पण किंग एअर बी-२०० ला मग साधारण १५,००० फुटांच्या आतच उडावं लागतं. तिथे इंधन जास्त जळतं आणि पावसाळ्यात ढगांतून हादरेही जास्त बसतात. मुंबईपर्यंत हे सहज जमतं. दिल्लीला जायचं तर इंधनाचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. म्हणून ही सूचना आदल्या दिवशीच हवी, उजळाईवाडीत उभं राहून नको.

ऑक्सिजनचा हिशेब

गडबड सगळ्यात जास्त इथेच होते, कारण घरचे फक्त उड्डाणाचा तास मोजतात. मुंबईचंच धरा. दवाखाना ते विमानतळ ४० मिनिटं, चढवायला ३०, हवेत ६०, उतरवायला २०, तिथल्या रस्त्यावर ६०. झाले साडेतीन तास. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर २,१०० लिटर, आणि निम्मी राखीव भर घालून ३,१५०. बी टाइप सिलेंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर असतात. म्हणजे दोन पुरत नाहीत. काही व्हेंटिलेटर स्वतः चालायलाही वायू खातात, तो वेगळा धरा.

विमान खरंच लवकर पोचतं का?

पुण्यासाठी बहुतेक वेळा नाही. विमान बाहेरगावाहून रिकामं यावं लागतं, त्याआधी परवानग्या, नंतर चढ-उतार. तेवढ्या वेळात आयसीयूची सोय असलेली गाडी २३० किलोमीटरवरचं पुणं गाठते. पुण्याला जायचंय म्हटलं की आम्ही आधी गाडीच सुचवतो. मुंबईला थोडा फायदा होतो. हैदराबाद, चेन्नई, दिल्लीला मोठा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला, तशा दिवसांत मात्र हे गणित उलटं होतं.

जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात आणि उड्डाण काही तास थांबू शकतं. विमानतळाच्या ठरलेल्या वेळेबाहेर निघायचं असेल तर कर्मचारी थांबवून ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी लागते. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, मुंबईत गर्दी मोठी. जीव धोक्यात असेल तर फ्लाइट प्लॅनमध्ये ‘मेडेव्हॅक’ (तातडीनं रुग्ण हलवणारं विमान) असा शेरा पडतो आणि एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, प्राधान्य देतं. स्थिर रुग्णासाठी तो शेरा मागू नका. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला खरी गरज असू शकते.

कोण उडवतं, कोणाला विचारायचं

व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यावरच्या एटीपीएल (एअरलाइन पायलटच्या) परवान्यासाठी १,५००. त्याखेरीज त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, बाहेर दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडण्याचं मानांकन आणि क्लास वन वैद्यकीय तपासणी. ड्युटीआधी १२ तास दारू वर्ज्य असते. ड्युटीचे तास डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, आखून दिलेत. ‘पायलटचे तास संपले’ असं कळलं तर दुसरे पायलट मागा, त्याच पायलटना गळ घालू नका.

आमच्यासारख्या जोडून देणाऱ्या संस्थेलाही दोन गोष्टी जरूर विचारा : विमान कोणत्या कंपनीचं आहे आणि तिच्याकडे डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर (ठरलेलं वेळापत्रक नसलेल्या उड्डाणांचा) परवाना आहे का. विमानाचा व्हीटी-नं सुरू होणारा क्रमांकही लिहून घ्या. दरपत्रकात रिकाम्या फेरीचं भाडं, विमानतळाचे आकार, दोन्हीकडच्या गाड्या आणि रद्द झाल्यास किती पैसे परत मिळणार, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. मेडिक्लेममध्ये एअर अँब्युलन्स असली तरी तिला बहुधा मर्यादा असते. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेकडून) आधी लेखी घ्या.

निघण्याच्या दिवशी

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं ‘प्रवासास योग्य’ पत्र, केस पेपर, पलीकडच्या दवाखान्याचं खाट राखल्याचं लेखी उत्तर आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं लागतात. अपघाताची पोलीस केस असेल तर ते कागदही. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव आधी कळवलेलं नसेल तर गेटवर गाडी थांबते. ऐन वेळी गाडी बदलू नका.

विमानाजवळ इंजिनं पूर्ण थांबून कर्मचाऱ्यानं खूण केल्याशिवाय गाडीतून उतरू नका. चादर पट्ट्याखाली खोचा, ओढणी आणि टॉवेल बांधून घ्या. पलीकडे उतरल्यावर आधी खालच्या गाडीतला सिलेंडर उघडून त्याचा काटा विमानातल्या डॉक्टरांनी स्वतः बघायचा, मगच विमानातली नळी काढायची. तोपर्यंत स्ट्रेचर हलवायचा नाही.