गंज दिसतो एकीकडे, लोखंड झिजतं दुसरीकडे

पावसाळ्याचे चार महिने आमच्या सोसायटीतली एक सायकल पार्किंगच्या कडेला, गळक्या पन्हळीखाली उभी होती. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली तेव्हा चेन विटकरी झालेली. शेजाऱ्यांनी तारेच्या घासणीने ती लख्ख केली, वरून तेल सोडलं, हँडलला झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी नाशिकच्या गंगापूर रोडने सोमेश्वरला निघाली आणि चेन तीनदा उतरली म्हणून सायकल हातात धरून परत आली. ‘‘काका, गंज तर सगळा काढला होता ना?’’ असं तिने विचारलं.

चेनची दोन टोकं जोडणारी चिमट्यासारखी पट्टी, म्हणजे लॉक, काढून मी चेन बोटावर टांगली. निरोगी चेन साखळीसारखी सरळ लोंबते. या चेनच्या तीन कड्या मात्र आखडलेल्या बोटासारख्या वाकड्याच राहिल्या. बाहेरून चकाकत होत्या, आतून धरल्या होत्या. ‘गंज म्हणजे लोखंडावर बसलेला थर, तो खरवडला की संपला’ हा समज किती पक्का आहे, हे त्या तीन कड्यांनी दाखवलं.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज येतो, एवढं शाळेत शिकवतात. पण तो नेमका कुठे येतो, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. 1920च्या दशकात केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञाने घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबात दोन रसायनं मिसळली होती. पोटॅशियम फेरिसायनाइड लोखंड विरघळू लागलं की निळं होतं, आणि फिनॉल्फथॅलीन अल्कली तयार झाली की गुलाबी होतं. काही मिनिटांत थेंबाचा मध्य निळा झाला, कड गुलाबी झाली आणि दोन्हींच्या मधे तपकिरी गंजाचं कडं उमटलं. शाळेच्या प्रयोगशाळेत हे आजही करून बघता येतं, आणि एकदा तरी बघावंच.

याचा अर्थ असा. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी पाणी खोल, तिथे ऑक्सिजन कमी. मधल्या लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन धातूत सोडतो आणि आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, होऊन पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत कडेला जातात. तिथे ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन उचलतो, पाण्याच्या दोन रेणूंशी जोडला जातो आणि चार हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. गुलाबी रंग त्यांचा. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे लोखंडाचे दोन अणू जातात, म्हणजे 32 ग्रॅम ऑक्सिजन 112 ग्रॅम लोखंड विरघळवतो. थेंबातलं मीठ पाण्याला वीजवाहक करून या सगळ्याला वेग देतं. मधून निघालेले लोखंडाचे आयन आणि कडेकडून आलेले हायड्रॉक्साइड वाटेत भेटतात, त्यांना आणखी ऑक्सिजन मिळतो आणि तिथे गंज साचतो. हा चक्क एक विजेचा सेल आहे, पाण्याच्या एका थेंबाएवढा! आणि त्यात लोखंड झिजतं ते जिथे ऑक्सिजन कमी, तिथे. गंजाचा ढीग दिसतो तिथे नाही.

आता चेनकडे बघा. 1880 साली मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड यांनी बुश आणि रोलरच्या चेनचं पेटंट घेतलं. आजची साधी चेन त्याच घडणीची आहे: पिन, तिच्यावर बुश म्हणजे छोटी नळी, बुशवर फिरणारा रोलर आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या. गिअरच्या नव्या चेनमध्ये वेगळं बुश नसतं, आतल्या पट्टीचीच कड वळवून तिच्याकडून ते काम करून घेतात. पिन आणि बुश यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत पावसाचं पाणी शिरलं की ते वाळता वाळत नाही, आणि तिथे ऑक्सिजनही पोचत नाही. म्हणजे ती फट झाली थेंबाचा मध्य आणि बाहेरच्या पट्ट्या झाल्या थेंबाची कड. शेजाऱ्यांनी घासली ती कड.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून फटीत तो पाचरीसारखा अडकतो आणि कडी धरते. शिवाय तो घासतो. आपल्या सराफ बाजारातल्या दागिन्यांना शेवटची झळाळी देण्यासाठी तांबडी पूड वापरण्याची जुनी रीत आहे. ती पूड लोखंडाचा ऑक्साइडच. दागिन्याला जी झळाळी देते, तीच पूड रस्त्यावरच्या धुळीत मिसळून पिनेला कुरतडते. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यात कागदाच्या जाडीएवढी, जेमतेम 0.13 मिलिमीटर झीज झाली, तरी 24 सांध्यांत ती 3 मिलिमीटर भरते.

म्हणून सफाई आतपर्यंत पोचली पाहिजे. चेन काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये तासभर बुडवायची (जवळ आग नको, खिडकी उघडी), दातांच्या जुन्या ब्रशने घासायची, रॉकेल बदलून पुन्हा हलवायची. मग ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण वाळू द्यायची. ओल्या चेनवर तेल सोडलं की पाणी आतच राहतं. धरलेल्या कडीत तेल मुरवून ती हाताने आडवी, हलकेच मागेपुढे वाकवायची. शेवटी एकेका रोलरवर मशीन ऑइलचा एकच थेंब, पायडल उलटं फिरवायचं आणि बाहेरचं तेल फडक्याने पुसून टाकायचं. वर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. डब्ल्यूडी-40चा स्प्रे मारून काम झालं असं मानणारे बरेच आहेत. 1953 साली ते पाणी हटवण्यासाठी तयार झालं आणि नावातली दोन अक्षरंही (वॉटर डिस्प्लेसमेंट) तेच सांगतात. भिजलेल्या चेनवर जरूर मारा, पण त्यानंतर तेल हवंच.

चेन रात्रभर कोलात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवण्याचे व्हिडिओ बघून कृपया भुलू नका. आम्ल गंज काढतं हे खरं, पण त्या वेळी सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. चढावर उभं राहून पायडल मारताना पट्टी तुटली तर माणूस तोंडावर आपटतो. आणखी एक. शनिवारी लोखंडाला हात लावू नये, तेल विकत आणू नये, म्हणून सफाई पुढे ढकलणारी घरं मी पाहिली आहेत. इलेक्ट्रॉन वार बघत नाहीत. चेन शुक्रवारी भिजली असेल तर शनिवारी सकाळीच तेल घाला.

त्या मुलीच्या चेनच्या दोन कड्या लगेच सुटल्या, तिसरी रात्रभर तेलात राहिल्यावर. मग पिनेपासून पिनेपर्यंत 24 कड्या फूटपट्टीवर मोजल्या. नव्या चेनमध्ये त्या बरोबर 12 इंच भरतात, 3 मिलिमीटर जास्त भरल्या तर चेन बदलायची. हिच्या दीड मिलिमीटर जास्त भरल्या. तीच चेन परत चढवली आणि लॉक त्या मुलीलाच बसवायला लावला, बंद टोक चेन धावते त्या दिशेला. उघडं टोक पुढे राहिलं तर कशालातरी घासून लॉक निसटतो.