रक्तातली प्रथिने आणि अल्झायमर: जनुकांच्या आधारे कारण शोधण्याची पार्श्वभूमी

अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तात एखादे प्रथिन वाढलेले आढळले, तर त्याचे तीन अर्थ निघू शकतात. ते प्रथिन आजाराला हातभार लावत असेल, आजारामुळेच ते वाढले असेल किंवा वय, मधुमेह, मंदावलेली मूत्रपिंडे अशा तिसऱ्याच कारणाने दोन्ही घडले असेल. मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतात. त्यामुळे निरोगी माणसांचे रक्त साठवून दहा वर्षे वाट पाहिली, तरी दुसरी शक्यता निकालात निघत नाही. टाऊ या मेंदूतल्या प्रथिनाचा पी-टाऊ २१७ हा प्रकार मोजणारी रक्तचाचणी निदानाला फार उपयोगी आहे, पण ती मेंदूत साचलेल्या बदलांची खूण दाखवते. औषध कोणत्या प्रथिनावर शोधायचे, हे तिच्यावरून ठरत नाही.

या कोंडीतून वाट काढणारी कल्पना वेगळ्याच वादातून आली. कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांना कर्करोग जास्त होतो, असे १९८० च्या दशकात दिसत होते. डच संशोधक मार्टाइन काटान यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात एक उपाय सुचवला. रक्तातली चरबी वाहून नेणारे प्रथिन घडवणाऱ्या एपीओई जनुकाचा ई-२ प्रकार असलेल्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी असते. कमी कोलेस्टेरॉल हे खरोखर कर्करोगाचे कारण असेल, तर रुग्णांमध्ये ई-२ जास्त आढळायला हवा. आजारपण जनुक बदलू शकत नाही, ही त्या युक्तिवादाची ताकद. जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी २००३ मध्ये याच विचाराची पद्धतशीर मांडणी केली आणि ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ हे नाव रूढ झाले: कोणाला जनुकाचा कोणता प्रकार मिळेल, हे जन्मतःच चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. पहिला मोठा कस हृदयरोगात लागला. सीआरपी हे दाहाचे प्रथिन धोक्याबरोबर वाढते, पण ते धोक्याचे कारण नाही, हे २०११ पर्यंत जनुकीय पुराव्याने स्पष्ट झाले.

अल्झायमरसाठी दोन साठे तयार व्हावे लागले. पहिला आजाराचा: २००९ मध्ये सीएलयू, पिकाल्म आणि सीआर१ ही जनुके हाती लागली, तर २०२२ च्या अभ्यासात १,११,३२६ रुग्णांच्या माहितीतून ७५ जनुकीय ठिकाणे निश्चित झाली. दुसरा प्रथिनांचा: २०१८ मध्ये इंग्लंडमधील ३,३०१ रक्तदात्यांवर, २०२१ मध्ये आइसलँडमधील ३५,५५९ जणांवर आणि २०२३ मध्ये यूके बायोबँकेतील ५४,२१९ जणांच्या रक्तद्रवातील २,९२३ प्रथिनांवर काम झाले. कोणता डीएनए-बदल कोणत्या प्रथिनाची पातळी हलवतो, याचे तक्ते यातून मिळाले.

गणित साधे आहे, निवड अवघड. शक्यतो प्रथिनाच्या स्वतःच्या जनुकाजवळचाच, म्हणजे दोन्ही बाजूंना १० लाख बेस-जोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आतला बदल घ्यायचा. त्याचे पी-मूल्य (संबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ५×१०⁻⁸ पेक्षा कमी हवे, एफ-मूल्य (बदल प्रथिनाची पातळी किती जोरात हलवतो त्याचे माप) १० च्या वर हवे आणि एकमेकांशी बांधलेले, म्हणजे सहसा एकत्रच वारशाने येणारे बदल गाळायला हवेत. समजा, एका बदलाने प्रथिन ०.५ प्रमाण विचलनाने (माणसामाणसांतल्या नेहमीच्या फरकाचे एकक) वाढते आणि आजाराचा लॉग-ऑड्स (आजार होण्या-न होण्याच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) ०.०५ ने. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की ०.१, म्हणजे प्रथिनाच्या दर एका प्रमाण विचलनामागे ऑड्स सुमारे १०.५ टक्के जास्त. तीन हजार प्रथिने तपासली, तर काही निव्वळ योगायोगाने जुळतात; म्हणून पी-मूल्यासाठी ०.०५ ऐवजी ०.००००१७ ही मर्यादा पाळावी लागते.

चुका मात्र या गणिताच्या बाहेर होतात. सगळ्यात त्रासदायक जागा एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एपीओईची. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातील गटाने ई-४ चा अल्झायमरशी संबंध दाखवला, आणि आजही सामान्य बदलांमध्ये त्याच्याइतका प्रबळ दुसरा नाही. तोच पट्टा रक्तातल्या इतर अनेक प्रथिनांची पातळीही हलवतो. तिथला बदल प्रथिनाच्या पातळीची खूण म्हणून गणितात वापरला, तर ती सगळी प्रथिने दोषी ठरतात. म्हणून हा पट्टा वगळून गणित पुन्हा केलेले नसेल, तर निष्कर्षावर विसंबू नये.

शेजारच्या जनुकाचा परिणाम आपल्या प्रथिनाच्या नावावर जमा होणे, ही दुसरी चूक. त्यासाठी कोलोकलायझेशनची चाचणी असते. प्रथिन आणि आजार यांच्यामागे एकच बदल असण्याची संभाव्यता ०.८ च्या वर मागतात. बदलांची ही आपसातली बांधणी लोकसमूहागणिक वेगळी असते आणि वरचे साठे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. भारतीयांसाठी ते आकडे जसेच्या तसे उचलणे चुकीचे ठरेल. २०२२ च्या त्या रुग्णसंख्येत आई-वडिलांना स्मृतिभ्रंश होता एवढेच सांगणारे ४६,८२८ जणही होते. त्यांत अल्झायमरखेरीज इतर स्मृतिभ्रंशही मिसळतात.

तिसरी चूक मोजमापाची, आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रथिने मोजणारी यंत्रणा प्रतिपिंड किंवा ॲप्टामर (प्रथिनाला चिकटणारा डीएनए-आरएनएचा छोटा तुकडा) प्रथिनाला किती चिकटले, ते मोजते. प्रतिकारपेशींवरच्या सीडी३३ या प्रथिनाचे उदाहरण घ्या. धोका कमी करणाऱ्या बदलामुळे त्या जनुकाचा दुसरा एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेला तुकडा) जास्त वेळा वगळला जातो आणि प्रथिनाचा बाहेरचा एक भाग गळतो. मोजणारा रेणू नेमका त्याच भागाला चिकटणारा असेल, तर ‘सीडी३३ कमी’ असा आकडा येतो. प्रत्यक्षात प्रमाणापेक्षा घडण बदललेली असते.

मेंदूतल्या प्रतिकारपेशींवरच्या ट्रेम२ या प्रथिनाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. २०१३ मध्ये त्याच्या जनुकातला धोका वाढवणारा दुर्मीळ बदल सापडला. २०१९ मध्ये एमएस४ए जनुकांच्या पट्ट्यातला एक बदल मेंदू-मेरुद्रवातील विद्राव्य (पेशीपासून सुटून द्रवात मिसळलेले) ट्रेम२ वाढवतो आणि धोका कमी करतो, असे दिसले. पुढे ट्रेम२ ला चालना देणारे प्रतिपिंड सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांना दिले गेले, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात आजाराची गती कमी झाली नव्हती. त्या औषधाने विद्राव्य ट्रेम२ घटते, हे आधीच्या चाचणीत नोंदले गेले होते. जनुकीय बदलाची दिशा याच्या उलट, शिवाय त्याचा परिणाम जन्मभराचा.

रक्तातली पातळी मेंदूतल्या पातळीची प्रतिनिधी असतेच असे नाही. म्हणून सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने २०२१ मध्ये रक्तद्रव, मेंदू-मेरुद्रव आणि मेंदूची ऊती या तिन्हींतले तक्ते वेगवेगळे तयार केले. रक्तात सापडलेले प्रथिन पुढे नेण्याआधी तोच बदल उरलेल्या दोन ठिकाणी कोणत्या दिशेने काम करतो, हे त्यांत पडताळता येते.