६४० केबीची भिंत आणि एकविसावी तार

दोन जीबी रॅम असलेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर डॉस या विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिममधला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम सुरू केला की ‘मेमरी अपुरी’ असा संदेश येतो, आणि लोक आणखी रॅम आणायला निघतात. तिचा इथे काडीचाही उपयोग नाही.

मूळ आयबीएम पीसीतल्या (१९८१) ८०८८ या प्रोसेसरला पत्त्यासाठी, म्हणजे मेमरीतल्या प्रत्येक बाइटचा क्रमांक सांगण्यासाठी, २० तारा होत्या. दोनाचा विसावा घात म्हणजे १०,४८,५७६ बाइट, एक एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी पडदा आणि रॉमसाठी (कायमस्वरूपी मेमरी) राखले, खाली ६४० उरले. डॉस, माउस चालवणारा ड्रायव्हर आणि तुमचा प्रोग्रॅम, सगळ्यांची दाटी तिथेच. ‘६४० केबी कुणालाही पुरे’ हे बिल गेट्स यांच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य त्यांनी स्वतः नाकारलं आहे. हद्द तारांच्या संख्येनं आणि या वाटणीनं ठरवली.

आता खरी गंमत. हा प्रोसेसर पत्ता दोन १६-बिटी आकड्यांतून काढतो: पहिल्याला १६ ने गुणायचं, दुसरा मिळवायचा. दोन्ही कमाल, म्हणजे ६५,५३५ घेतले तर उत्तर येतं ११,१४,०९५. एक एमबीच्या पलीकडे! ८०८८ ला एकविसावी तार नसल्यानं हातचा गळून पडे आणि पत्ता मेमरीच्या सुरुवातीला येई. काही प्रोग्रॅम यावरच विसंबून होते. पुढच्या ८०२८६ या प्रोसेसरला २४ तारा मिळाल्या, हातचा टिकला, ते प्रोग्रॅम बिघडणार होते. म्हणून ८०२८६ वर चालणाऱ्या आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीत एकविसाव्या तारेवर (शून्यापासून मोजून ‘ए-२०’) फाटक बसवलं (बंद असलं की हातचा पूर्वीसारखाच गळतो) आणि त्याची किल्ली दिली कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे, कारण तिची एक पिन रिकामी होती. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

फाटक उघडलं की पलीकडे ६५,५२० बाइट हाती लागतात. एमएस-डॉस ५ मध्ये (१९९१) हायमेम हा सोबतचा ड्रायव्हर ते उघडतो आणि ‘डॉस=हाय’ या एका ओळीनं डॉस आपला बराचसा पसारा तिकडे हलवतो. खाली चाळीसेक केबी मोकळे होतात. त्यानंतरच्या ३८६ प्रोसेसरवर ईएमएम३८६ हा दुसरा ड्रायव्हर वरच्या ३८४ केबीतल्या रिकाम्या फटींत रॅमचे ४ केबीचे तुकडे (‘पानं’) जोडून ड्रायव्हरांची सोय करतो. एक्सपीत हायमेमची आणि ‘डॉस=हाय’ची ओळ ‘कॉन्फिग.एनटी’ फाइलमध्ये लिहायची. एका क्लिकमध्ये रॅम वाढवून देणाऱ्या ‘बूस्टर’ सॉफ्टवेअरवर मात्र पैसे घालवू नका, ही हद्द त्यांच्यानं हलत नाही.

६४-बिट विंडोजमध्ये १६-बिटी प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. तिथे डॉसबॉक्स वापरा. तो अख्खा जुना संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. सुरू झाल्यावर ‘मेम’ टाइप करा, ६३० केबीच्या आसपास मोकळे दिसतील.